टेबलाखालच्या पाचरा

चार्नोव्हिन गावात सरळ असं काही उभंच नव्हतं. खालचा कोळसा काढून काढून जमीन बसली होती. चर्च डावीकडे झुकलेलं, शाळा उजवीकडे, आणि म्हाताऱ्या खाणकामगार हुबर्टचं स्वयंपाकघर खिडकीच्या बाजूला. घरोघरी टेबलाच्या दोन पायांखाली लाकडी पाचरा असायच्या. नवरीला माहेरहून भांड्यांबरोबर पाचरांचा जोडही मिळायचा.

खाण बंद पडली, तसं तिचं संग्रहालय करायचं ठरलं. सरकारी कचेरीतल्या कालिनाबाईंनी होकार दिला तर खाणीचा पाळणा वर-खाली करणारं भलंमोठं चाक वाचणार होतं, नाही तर उन्हाळ्यात भंगारात. त्या चाकाने हुबर्टला आयुष्यभर रोज पाताळात सोडलं होतं, आणि रोज वर आणलं होतं. एवढं तर बायकोनेही त्याच्यासाठी केलं नव्हतं, असं तो म्हणायचा. अर्थात तिच्या माघारी.

खाणकामगारांची रक्षणकर्ती संत बार्बारा, तिच्या सणाला बाई आल्या. खाणीतले दिवे ठेवायच्या जुन्या खोलीत नवी फरशी घालून खाणकामगाराचं स्वयंपाकघर मांडलं होतं. हुबर्टने खाणकामगारांचा सणाचा काळा गणवेश आणि पिसांची टोपी चढवली.

"म्हाताऱ्या, डोक्यावर कोंबडा बसलाय," त्याची बायको रोझविता म्हणाली.

"तू तुझ्या रश्श्याकडे बघ."

तिने बटाट्याच्या गोळ्यांची परात बाईंसमोर ठेवली. हुबर्टने इतिहास सुरू केला. तो दुसऱ्या महायुद्धापर्यंत पोचला, तोवर परात घसरायला लागली. एक गोळा टुणकन निघाला, मागोमाग बाकीचे, आणि शेवटी रस्सा. सगळं बाईंच्या मांडीत.

हुबर्टने टेबलाखाली डोकं घातलं. "पाचरा कोणी घातल्या?"

"मी. टेबल मांडलं की पाचर घालायची."

"अगं, ही फरशी सरळ आहे."

"मला काय ठाऊक? सरळ फरशी जन्मात पाहिलीय का मी?"

हुबर्टला चाक भंगाराच्या गाडीत चढताना दिसायला लागलं. रोझविता मात्र बाईंना धरून शेजारच्या आपल्या घरी घेऊन गेली. स्कर्ट धुतला, शेगडीजवळ वाळत टाकला, त्यांना आपला झगा दिला. झग्याचं एक बटण तुटून पडलं आणि घरंगळत थेट खिडकीखाली गेलं. मांजराने सवयीने पंजा ठेवून ते अडवलं.

बाई बघत राहिल्या. मग एक सफरचंद त्यांनी स्वतःच सोडून पाहिलं. मांजराने तेही अडवलं. बाई हसत सुटल्या.

"हे बघायला लोक का येत नाहीत?"

"यात काय बघायचं?" हुबर्ट म्हणाला. "रोजचंच आहे."

"चाक राहू द्या," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण ती फरशी अशी करून घ्या. अगदी अशीच."

दुसऱ्या दिवशी ठेकेदार डोकं धरून बसला. "सरळच्या सरळ फरशी वाकडी कशी करू, हुबर्टभाऊ?"

"काही करू नकोस," हुबर्टने त्याच्या हातात चहा दिला. "हे चार्नोव्हिन आहे. थोडी कळ काढ, होईल आपोआप."

रोझविताने टेबलाखालच्या पाचरा काढून एप्रनच्या खिशात टाकल्या. लागणारच होत्या.