विजयी उमेदवारासाठी

"अहो, पोट आत घ्या जरा. बटण लागत नाहीये."

"पोट आतच आहे. कोट आटलाय."

मतमोजणीच्या दिवशी सकाळी आमच्याकडे हा संवाद ठरलेलाच. लाल कोट, सोनेरी बटणं आणि दोन्हींच्या मध्ये आमच्या ह्यांचं पोट. हे बँडमास्तर. ट्रम्पेट वाजवतात. ह्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भावजी, मोठा ढोल बडवतात आणि मागून बाकीची मंडळी ज्याला जे जमेल ते वाजवत चालतात.

"या वेळी नर्सबाई येतील म्हणतात," मी बटणाशी झटत म्हटलं.

हे इतक्या जोरात हसले की बटण तुटून कपाटाखाली गेलं. "अगं, साहेबांचा बालेकिल्ला आहे हा! बालेकिल्ला! नर्सबाईंनी सुया टोचाव्यात, निवडणूक लढवू नये."

"किल्ला कसला, डोंबल! किल्ल्यावरसुद्धा पाण्याचं टाकं असतं. इथे नळ सोडला की नुसती फुसफुस."

"तुला राजकारणातलं काही कळत नाही."

"नाही ना. मला फक्त बादलीतलं कळतं."

साहेब आमच्या वॉर्डातून कधी पडलेच नव्हते. त्यामुळे आठवड्यापूर्वी चहाच्या टपरीवर हे सगळ्यांदेखत बोलून बसले होते की साहेब पडले तर मी ट्रम्पेट खुंटीला टांगीन. परत म्हणून हात लावणार नाही. नुसतं बोलून थांबले असते तरी चाललं असतं, पण घरी येऊन भिंतीत नवीकोरी खुंटीसुद्धा ठोकली! त्या ठोकाठोकीत भिंतीचा पोपडा माझ्या पिठात पडला. मी मेली तेव्हा हसले.

मत द्यायला गेले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त नळ होता, खुंटी नव्हती. नर्सबाईंच्या नावापुढचं बटण दाबून बाहेर आले आणि मग खुंटी आठवली. ह्या माणसाच्या हातातून ट्रम्पेट गेलं तर मागे उरतं काय? दिवसभर चष्मा शोधणारा आणि माझ्या फोडणीत चुका काढणारा एक गृहस्थ. आणि खरं सांगायचं तर लग्नाला मी होकार दिला तो ट्रम्पेटला. माणूस नंतर बघितला.

आता बँड कोणासाठी होता ते सांगते. दर निवडणुकीला बाजारातले दुकानदार मिळून बँड ठरवायचे, 'विजयी उमेदवारासाठी'. नाव कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. आमच्याकडे 'विजयी उमेदवार' हे साहेबांचंच दुसरं नाव होतं. ह्यांना त्या शब्दाचा आणखी काही अर्थ असू शकतो हे त्या दुपारी, मतमोजणी चालली होती त्या शाळेच्या फाटकापाशी कळलं.

नर्सबाई निवडून आल्या होत्या. फार नाही, पण आल्या होत्या. मीही बघायला गेले होते. बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या आणि आमचे हे झाडाखाली तोंडात मारल्यासारखे बसले होते.

"दादा, काय करायचं?" भावजींनी ढोल पोटावरून खाली घेत विचारलं.

"बुकिंग कोणाच्या नावानं आहे?"

"विजयी उमेदवाराच्या."

ह्यांनी बुटांच्या नाड्या आवळल्या. मग उठले. "शब्द दिलाय. वाजवायचं. पण माझं हे शेवटचं, सांगून ठेवतो."

मी पुढे होऊन तुटल्या बटणाच्या जागी पिन लावली. ना हे माझ्याकडे बघत होते, ना मी ह्यांच्याकडे.

मिरवणूक निघाली. पुढे हे, मागे बँड, त्यामागे उघड्या जीपमध्ये नर्सबाई आणि मग आम्ही सगळ्या. शाळेपासून रस्ता सरळ बेकरीपर्यंत जातो. तिथून डावीकडे साहेबांचं घर, उजवीकडे नर्सबाईंचं. आणि ह्यांच्या विजयाच्या धूनमध्ये एक वरचा सूर आहे, तो बरोबर बेकरीच्या कोपऱ्यावर येतो. तो लावताना हे डोळे मिटतात. पायांना वाट पाठ असते, डोळ्यांचं काम काय!

त्या दिवशीही सूर लागला. काय लागला म्हणून सांगू! बेकरीवाला पाव ठेवून बाहेर आला. आणि हे डोळे मिटून, मान मागे टाकून, ऐटीत डावीकडे वळले.

"अहो! उजवीकडे! अहो, उजवीकडे!" मी ओरडले. पण ढोलापुढे माझं कोण ऐकतो? भावजी दादाच्या मागे वळले, बँड भावजींच्या मागे, जीप बँडच्या मागे. नर्सबाई हात जोडत होत्या, त्यांना वाटलं, मोठा फेरा काढताहेत. कळलं तेव्हा साहेबांचं फाटक समोर होतं.

फाटक सताड उघडं. आत नेहमीसारख्या ओळीनं खुर्च्या मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या. एका मोठ्या पातेल्यात चहा. आणि आतल्या दारातून साहेब लगबगीनं बाहेर आले. केस ओले करून विंचरलेले, ठेवणीतला कोट चढवलेला, एक बाही अजून घालत होते. बँड दाराशी येतोय म्हटल्यावर म्हाताऱ्याला वाटलं असणार, फेरमोजणी झाली! चेहरा असा उजळला होता की मला बघवेना.

मग त्यांना जीप दिसली.

ढोल थांबला. ह्यांनी डोळे उघडले. समोर साहेब, मागे नर्सबाई, मध्ये लाल कोटातले आमचे हे. पिन सुटलेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तोंड.

"साहेब, माफ करा, पाय... पाय चुकले," हे म्हणाले.

"चुकले कुठे? बरोबर आले. जग जरा हललंय." साहेबांनी दुसरी बाही नीट घातली. मग नर्सबाईंना म्हणाले, "बाई, इंजेक्शन देताना तुम्ही नेहमी म्हणायचात, मुंगी चावल्यासारखं होईल. ही मुंगी जरा मोठी निघाली."

नर्सबाईंना हसावं की रडावं कळेना. त्या जीपमधून उतरल्या आणि वाकून नमस्कार केला.

"बसा. सगळेच बसा. चहा सकाळपासून उकळतोय, कोणी फिरकलं नाही. आता फेकायचा का?"

एवढा जमाव मुकाट खुर्च्यांवर बसला. कडू झालेला चहा सगळ्यांनी संपवला. नळाचा विषय मी तिथेच काढणार होते, पण भावजींनी माझ्या पायावर पाय दिला.

निघताना साहेबांनी ह्यांना जवळ बोलावलं. मी मागेच होते, ऐकलं. "खुंटी ठोकलीस म्हणे?"

ह्यांनी ट्रम्पेट पाठीमागे लपवलं.

"गाढवा, पडलो मी. तू कशाला पडतोस? इतकी वर्षं मी जिंकायचो, पण लोक घराबाहेर यायचे ते तुझं ऐकायला. मला काय ते कळत नव्हतं? जा, बाईंना घरी पोचव. आणि डोळे उघडे ठेवून वाजव."

ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्याही.

मिरवणूक उलटी फिरली. बेकरीचा कोपरा आला. हे डोळे टक्क उघडे ठेवून सरळ नर्सबाईंच्या घराच्या रस्त्याला लागले आणि तो वरचा सूर फुटला. आयुष्यात पहिल्यांदा. नाचणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. मी मागे वळून बघितलं. साहेब ठेवणीतला कोट घालून एकटेच खुर्च्या आवरत होते. सूर फुटल्याबरोबर हातातली खुर्ची धरून ते थबकले, मग ती दुसरीवर ठेवली.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "पाणी कधी सोडणार म्हणाली मग तुझी नर्सबाई?"

"माझी कशी? मत गुप्त असतं."

"कपाटाखालचं बटण दे काढून."

मी दिलं. हे खुंटीपाशी गेले. माझा जीव टांगणीला. ह्यांनी हळूच कोट काढला, खुंटीला अडकवला, तिच्यावर हात आपटून ती पक्की आहे का बघितलं आणि ट्रम्पेट घेऊन पायरीवर जाऊन बसले.

जेवणाची वेळ होईपर्यंत तो एकच सूर लावत होते. फुटायचा, पुन्हा लावायचे. मी दोनदा जाऊन बघितलं. डोळे उघडे होते.