मोडीचा भाव

सराफाने किटली उचलली, तशी थोरलीही खुर्चीवरून अर्धवट उठली.

"बसा हो, कुठे पळून जात नाही," तो म्हणाला आणि किटली काट्यावर ठेवली.

थोरली बसली, पण खुर्चीच्या कडेवर. निघताना नवऱ्याने तिला चांगले पढवून पाठवले होते. हे लोक तीन ठिकाणी कमावतात: काट्यात, टंचात आणि घटीत. वजनात दोन-चार ग्रॅम खातील, चांदी आहे त्याहून हिणकस ठरवतील, आणि आटवताना इतकी घटेल म्हणून आधीच कापून घेतील. नोकरी सुटून सात महिने झाल्यापासून नवरा घरबसल्या सगळ्याच धंद्यांतला जाणकार झाला होता. एरवी तिने हे बोलणे या कानाने ऐकून त्या कानाने सोडले असते. पण सोमवारपर्यंत मुलीची कॉलेजची फी भरायची होती.

किटली आईची. आई गेल्यावर दोघी बहिणींत कशावरूनच वाद झाला नाही. झाला तो या किटलीवरून, आणि तोही न बोलता. दोघी एकमेकींना "तूच ने" म्हणायच्या आणि दोघींचे डोळे किटलीवर. शेवटी थोरलीने तोडगा काढला: विकायची आणि पैसे निम्मे-निम्मे करायचे. धाकटी लगेच "बरं" म्हणाली. इतक्या लगेच, की थोरलीच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. वर हा सराफही धाकटीनेच सुचवला होता.

सराफाने कसोटीवर एक रेघ ओढली, तिच्यावर थेंबभर तेजाब सोडले आणि वाकून रंग पाहिला. ब्याण्णव टंच, म्हणाला. मग कागदावर एक आकडा लिहून कागद तिच्याकडे फिरवला.

पेपरातला भाव तिने पाठ केला होता. तिने मनातल्या मनात दोनदा हिशेब केला. आकडा कमी नव्हता. चांगला पाच हजारांनी जास्त होता. घट कापलेली नव्हती, तोटीच्या सांध्यातल्या डागाचे, म्हणजे जोडाला लावलेल्या हलक्या धातूचेही काही कमी केलेले नव्हते. कमी असता तर तिने घासाघीस केली असती, त्या तयारीनेच ती आली होती. जास्त दिले तर काय करायचे, ते नवऱ्याने सांगितले नव्हते.

"मोडीचा भाव यापेक्षा कमी आहे," ती म्हणाली.

"मोडीत धरलीच नाही. अख्खी घेतोय."

"त्यात तुमचा काय फायदा?"

सराफाने आडपडदा न ठेवता सांगितले. मोड घेऊन आटवली तर घटीत चार पैसे सुटतात, बास. खरी कमाई अख्ख्या वस्तूत. ती मोडीच्या भावाने घ्यायची, उजळायची आणि घडणावळीसकट विकायची. मग माझी किटली मोडीच्या भावाने का घेत नाही, असे तिने विचारल्यावर मात्र तो घुटमळला. गिऱ्हाईक ठरलेले आहे, म्हणाला. कोण, ते सांगता येणार नाही.

कुठेतरी पाणी मुरत होते. तिने त्याला किटली आटवायला सांगितली, तीही तिच्यासमोर. खरा टंच काय निघतो ते कळू दे.

सराफाने चष्मा काढून हातात घेतला.

"एकदा आटली की परत किटली होत नाही, बाई. घाई करू नका. घरी जा, बहिणीशी बोला, उद्या या."

थोरलीने त्याच्याकडे रोखून पाहिले. इथे आल्यापासून तिने बहिणीचा विषयसुद्धा काढला नव्हता.

म्हणजे धाकटी आधीच येऊन गेली होती. दोघांचे साटेलोटे होते. किटलीत असे काहीतरी होते जे त्यांना ठाऊक होते आणि तिला नव्हते. दुसरीकडे किटली दुप्पट भावाने जाणार आणि वरच्या पैशांची वाटणी हिच्या पाठीमागे होणार. जिला कडेवर घेऊन वाढवली तीच केसाने गळा कापायला निघाली होती.

"आटवा," ती म्हणाली.

मागच्या खोलीत कारागिराने तोटी पकडीने तोडली, हातोडीने पोट चेपले आणि तुकडे मुशीत टाकले. एक कणही इकडेतिकडे जाऊ नये म्हणून थोरली दारात उभी राहून टक लावून पाहत होती. झाकण सगळ्यात शेवटी वितळले. लगड ओतून झाल्यावर पुन्हा टंच काढला. ब्याण्णवच आला. वजनही आधी काट्यावर भरले होते त्याहून चिमूटभरच घटले. माणूस कशातच खोटा निघाला नाही. मोडीच्या भावाने हिशेब झाला आणि पहिल्या आकड्यातले पाच हजार गेले.

सराफाने पैसे मोजून दिले. मग गल्ल्यातून एक पाकीट काढून तिच्यापुढे सरकवले.

"हे तेवढं बहिणीला द्या. किटलीसाठी आगाऊ देऊन गेल्या होत्या. सांगू नका म्हणाल्या होत्या, पण आता काय लपवायचं?"

"तिला हवी होती तर मला सांगायचं होतं."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, ताईला कळलं तर ती एक पैसा घेणार नाही, तशीच देऊन टाकेल. आणि सध्या तिला पैशांची गरज आहे."

थोरली पाकिटाकडे बघत राहिली. आपण तशीच दिली असती का, हे तिने स्वतःला विचारून पाहिले. नसती दिली. धाकटीला मात्र ताई ती तशीच देईल याची खात्री होती. थोरलीला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीच होती.

"झालं का, ताई? भाव नीट दिला ना?"

"दिला."

"आणि किटली? ठेवून घेतली त्यांनी?" धाकटीला आवाजातले हसू काही लपवता येत नव्हते.

समोर काउंटरवर लगड पडली होती. थोरलीने तिच्यावर हात ठेवला. ती अजून कोमट होती.

"हो," ती म्हणाली. "त्यांच्याकडेच आहे."