आबांचा नंबर

मंगलनं वेबसाइटचं पान पुन्हा उघडलं. पांढऱ्या पडद्यावर पुन्हा तीच कोरडी ओळ आली, काहीतरी चुकलं आहे. काय चुकलं, कुठं चुकलं, त्याचा पत्ता नाही.

"झालं का गं?" सावित्रीबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

दिंद्रुडच्या त्या वसतिगृहाचं सगळं त्याच बघत. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं इथं राहायची, आणि घरी निरोप द्यायचा म्हणजे बाईंच्या एकुलत्या एक फोनपुढं रांग लागायची. म्हणून मंगल ही वेबसाइट बनवत होती. पोरानं दोन ओळी लिहायच्या, बाईंनी बटण दाबायचं, की मेसेज थेट उसाच्या फडात, आईबापांच्या फोनवर. उद्या चालू करते म्हणून ती छातीठोकपणे सांगून बसली होती.

"लॅपटॉपवर चालतंय बाई, तिकडं चालंना."

"तिकडं म्हंजी कुठं?"

मंगलला सांगता येईना. सर्व्हर नेमका कुठल्या गावात असतो, हे तिनंही कधी पाहिलं नव्हतं.

सेटिंगच्या दोन फायली होत्या. एक लॅपटॉपसाठी, बनवण्याच्या काळातली. ती लावली की चूक झाल्यावर प्रोग्राम पानभर बोलायचा, आणि मेसेज खरोखर जायचा नाही, नुसता पडद्यावर उमटायचा. दुसरी सर्व्हरसाठी, खऱ्या वापराची. तिच्यात चुकीबद्दल तोंड बंद, आणि मेसेज सरळ फोनवर. प्रोग्राम तोच, पण माहेरी बडबड आणि सासरी मुकाट.

त्याला सासरी बोलतं करायला मंगलनं दुपारभर ही फाइल तिकडं नि ती फाइल इकडं केली. शेवटी कोणती कुठं आहे हे तिचं तिलाच कळेना. डोकं भणाणून गेलं. मग तिनं ठरवलं, निदान लॅपटॉपवर तरी धड आहे का बघू.

चाचणीला कुठलाही नंबर चालला असता. पण नंबर म्हटलं की तिची बोटं आबांचाच लिहायची. ती याच वसतिगृहात वाढली होती, आणि इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी बापाचा नंबर पाठ होतो. आबांनी फोन बदलले, नंबर कधी बदलला नाही. मजकूरही तिचा ठरलेला होता.

आबा, मला न्यायला या.

लॅपटॉपवरून तो कुठं जातच नव्हता, म्हणून लिहायला लाज वाटत नव्हती.

तिनं बटण दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मग चिडून दाबतच राहिली. हेही बिघडलं, या विचारानं तिला रडू यायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"मंगल? कुठं हायस तू?" आबांना धाप लागली होती.

"हितंच, दिंद्रुडला. का हो?"

"बरी हायस न्हवं? टोळीतल्या युवराजनं वाचून दाखवले मेसेज. एकामागं एक आले. मी निघालोय बग. आई फडाजवळच्या कोपीत थांबलीय. सकाळच्याला पोचतो."

मंगलनं पडद्याकडं पाहिलं. तो रिकामा का होता हे तिला आत्ता कळलं. दुपारच्या अदलाबदलीत सर्व्हरची फाइल लॅपटॉपवर येऊन बसली होती.

"आबा, ते मेसेज..."

"चौथीत हुतीस, तवा बाईंच्या फोनवरनं असंच म्हणली हुतीस," आबा मधेच म्हणाले. "उसाची गाडी भरायचीय म्हणलो मी. तू लई रडलीस. आलो न्हाई."

पलीकडून जीपचा हॉर्न ऐकू आला. चुकून गेले, एवढं म्हटलं असतं तर ते तिथूनच मागं फिरले असते. त्यांचा मजुरीचा खाडा वाचला असता. मंगलच्या ओठांवर ते शब्द आले होते. आणि तिला ते अजिबात म्हणायचे नव्हते.

"या आबा," ती म्हणाली. "सावकाश या."

तिनं फोन ठेवला. सावित्रीबाई पिठाचे हात पुसत जवळ आल्या.

"निरोप जातोय का गं मग?"

"जातोय," मंगल म्हणाली. "उद्या सकाळी एका माणसाच्या भाकरी जास्तीच्या टाका, बाई."