पांढरं अजून उरलंय

मी मेंदूवर टेकवायचा सोनोग्राफीचा प्रोब बोलतोय. अंगठ्याएवढं माझं तोंड, मागे लांबलचक वायर. मी आवाज सोडतो. तो तुम्हाला ऐकू येत नाही. तो आतून आपटून परत आला की पडद्यावर चित्र उमटतं. निरोगी मेंदू करडा दिसतो. गाठ बहुतेकदा पांढरी.

कवटी उघडली की मेंदू जरासा खचतो. मग आधी काढलेले फोटो तंतोतंत जुळेनासे होतात आणि माझी आठवण येते. मला प्लास्टिकची पिशवी चढवतात, खारं पाणी ओततात आणि सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळतात. माझ्याकडे कुणी बघत नाही.

एक पेशंट होती, शिवणकाम करायची. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलेली, म्हणून ऑपरेशनच्या मध्यावर तिला जागं केलं. आदल्या दिवशी तिने सर्जनबाईंना एकच गोष्ट सांगितली होती. तिची आई आंधळी होती, आणि जग बघायची ती लेकीच्या तोंडून. हे सांगून ती म्हणाली, "बाकी काय न्यायचं ते न्या. बोलणं ठेवा."

गाठ निघत गेली. भूल देणारे डॉक्टर तिला चित्रं दाखवत होते. कात्री, ती म्हणाली. बादली, म्हणाली. मला पुन्हा टेकवलं, तर तळाशी पांढरी कड होती. कधी साचलेलं रक्तही असंच दिसतं, पण ही कड पाण्याने धुऊन जाईना. सर्जनबाईंनी तिथे बारीकसा करंट लावला; त्याने ती जागा क्षणभर बंद पडते, आणि तिथे बोलणं आहे का ते कळतं. डॉक्टरांनी कुलपाचं चित्र धरलं.

"ते… आपण दाराला… ते…"

सर्जनबाईंचा हात थांबला.

"राहिलंय, मॅडम," असिस्टंट हळूच म्हणाला.

"दिसतंय मला."

त्यांनी मला बाजूला ठेवायला सांगितलं. टाके पडले. ती बोलत घरी गेली. काय राहिलंय, ते तिला स्पष्ट सांगितलं होतं.

वर्षभराने ती परत आली. शब्द गळू लागले होते. या खेपेला आईही आली, भिंत चाचपत. बाहेर आई सर्जनबाईंना जे म्हणाली, ते सिस्टरने हात धुताना असिस्टंटला सांगितलं, म्हणून मला कळलं. "मागच्या वेळी थांबलात, बरं केलंत. वर्षभर तिने मला सगळं सांगितलं. आता मी तिला सांगत जाईन."



आता मी पुन्हा त्याच मेंदूवर आहे. सर्जनबाईंचा हात मला सावकाश फिरवतोय, जिथे करडं सापडेल तिथवर. पांढरं जुनी कड ओलांडून खोल गेलंय. या बाजूला आहे. त्या बाजूलाही.

एक विनवणी आहे. काय दिसतं ते मला विचारा. कुठे थांबायचं ते विचारू नका. ते मला दिसत नाही.

हात थांबलाय. पडद्याकडे सगळे बघताहेत. राहिलंय, असं या वेळी कुणीच म्हणत नाही.