निशाण सरकतंय

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी आठ वाजता, गारखेड्याच्या रायफल क्लबात, करुणाने पहिला छर्रा मारला आणि तो काळ्या ठिपक्याच्या चांगला दोन बोटं वर लागला. दुसरा मारला, तोही वरच. तिसऱ्याला तिने श्वास रोखला, चाप असा दाबला की तिला स्वतःलाही कळू नये, तरी छर्रा गेला तो वरच. अकरा वाजता तिची पाळी होती. राज्यस्पर्धेला जिल्ह्यातून दुर्बिणीच्या गटात एकच जण जाणार होता, आणि तो कोण हे आज ठरणार होतं.

गेल्या वर्षी ही जागा तीन गुणांनी तिच्या हातून गेली होती. गेली ती गेली, वर प्रशिक्षक राजेंद्र सरांनी सगळ्यांसमोर 'हिचा हात हलतो' असा शेरा मारला. तो शेरा क्लबात असा चिकटला की चहावालासुद्धा तिला कप देताना जपून देऊ लागला. बत्तीस वर्षांची बाई, वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला आठ वर्षं काढलेली, जिच्या सहीशिवाय एक सुटा भाग कंपनीच्या दाराबाहेर पडत नाही, तिला हे किती झोंबलं असेल याचा सरांनी काही विचार केला नव्हता. त्यानंतर वर्षभर तिने ड्युटी सुटल्यावर रोज सराव केला होता. तिला राज्यस्पर्धा हवी होतीच, पण त्याहून जास्त तो शेरा पुसायचा होता.

आणि आता ऐन वेळी रायफलीने हे सोंग काढलं होतं. आठ दिवसांपूर्वी हीच रायफल ठिपक्याच्या पोटात छर्रे घालत होती. मधले चार दिवस तेवढी ती करुणाच्या हाताखाली नव्हती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिचं घरदार दरवर्षी नागपूरला जातं. भाड्याच्या खोलीत रायफल ठेवून जायला तिचं मन धजेना, म्हणून तिने ती गोकुळकडे दिली. गोकुळ फुलंब्रीचा. घरची शेती, ट्रॅक्टर, आणि नोकरी करुणाच्याच कंपनीत. क्लबातही तिच्याच गटात. म्हणजे मित्र म्हणावा तर मित्र आणि समोरचा म्हणावा तर समोरचा. सकाळी रायफल परत घेताना तिने त्याला विचारलं होतं की कुणी हिला हात तर लावला नाही ना. पेटी उघडलीसुद्धा नाही, असं तो म्हणाला होता, आणि म्हणताना बुटाची नाडी बांधायला वाकला होता.

करुणाने दुर्बिणीची वरची चकती चौदा क्लिक फिरवून निशाण खाली घेतलं आणि वहीत चौदा लिहिलं. पुढचे पाच छर्रे बरोबर मध्ये बसले. तिचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. त्याच्या पुढचे पाच खाली गेले. तिने चार क्लिक वर घेतले, छर्रे मध्ये आले आणि पुन्हा खाली घसरले. तिने छऱ्यांचा डबा बदलला. दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू तपासले, ते घट्ट होते. भिंग पुसलं, बसायची जागा बदलली, पाणी प्यायली. निशाण आपलं खालीच चाललं होतं.

शेवटी तिने राजेंद्र सरांना बोलावलं. सर निवृत्त फौजदार, शंका या गोष्टीशी त्यांचा आयुष्यात संबंध आलेला नाही. त्यांनी रायफल घेतली, पाच छर्रे मारले आणि पाचही एका रुपयाखाली झाकले जातील असे जवळजवळ बसले. रायफल सोन्यासारखी आहे, हाताकडे बघ, असं म्हणून ते निघून गेले. आजूबाजूला दोनचार जण गालात हसले. करुणाची कानशिलं तापली.

तेवढ्यात पहिली तुकडी सुरू झाली. गोकुळ तिच्यात होता आणि त्या दिवशी त्याचा हात भलताच लागला. चारशेपैकी तीनशे एकाहत्तर. लोकांनी त्याची पाठ थोपटली, कुणी तर राज्यस्पर्धेच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं. तो हसला, पण हसताना दोनदा करुणाच्या बाकाकडे बघत होता.

करुणा बाकावर सकाळचे सगळे कागद मांडून बसली होती. एका कागदावर पाच छर्रे, कोपऱ्यात वेळ, आणि प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलने आकडा, कितवा छर्रा ते. क्लबात सगळे तिच्या या सवयीची टर उडवत, पण कंपनीत शंभर भाग मोजले तर शंभर मापं क्रमाने लिहायची, ही आठ वर्षांची सवय होती, ती रविवारी सुटी घेत नसे. तिने क्लिकांचा हिशेब वजा केला आणि कागद ओळीने लावले. मग ती उठून उभीच राहिली.

भोकं विखुरलेली नव्हती. एकामागोमाग एक, प्रत्येक जरासं खाली, अशी उतरत चालली होती. हात हलला असता तर छर्रे वर गेले असते, खाली गेले असते, डावीकडे, उजवीकडे, वाटेल तिकडे गेले असते. एकाच बाजूला सरकणारं माप हाताचं नसतं, ते मशीनचं असतं, हे तिने कंपनीत कितीतरी ऑपरेटरांना सांगून त्यांची बाजू घेतली होती. आज पहिल्यांदा स्वतःची बाजू घ्यायची वेळ आली. तिने सरांचा कागद उचलला, त्यावरही तिने सवयीने आकडे टाकले होते, आणि त्या ओळीत ठेवला. सरांचे पाच छर्रेसुद्धा त्याच उतरणीवर बसत होते, पहिला वर, पाचवा सगळ्यांत खाली.

तिने कागद सरांपुढे धरले. दुर्बिणीच्या बैठकीखाली काहीतरी अडकलंय, ते प्रत्येक छऱ्याच्या धक्क्याने दबत चाललंय, दुर्बीण खोलून बघायला हवी, असं तिने सांगितलं. सरांनी आपला कागद दोनदा पाहिला आणि घसा खाकरला. मग म्हणाले की तुझ्या पाळीआधीच्या सरावाची पंधरा मिनिटं सुरू व्हायला पाच मिनिटं आहेत. या वेळेला दुर्बीण खोललीस आणि खाली काही निघालं नाही, तर आहे तेही निशाण जाईल आणि स्पर्धाही. एकदा बसवलेली दुर्बीण कुणी खोललीच नसेल, तर तिच्याखाली काही जाणार कुठून?

मुद्दा बिनतोड होता. करुणा गोकुळकडे वळली.

"गोकुळदादा, एकदाच विचारते. ही दुर्बीण खोलली होती का?"

गोकुळ तीनशे एकाहत्तर गुण खिशात घालून उभा होता. त्याने नुसती मान हलवली असती की काम झालं असतं. त्याने एकदा गुणांच्या फळ्यावरच्या आपल्या नावाकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या कागदांकडे.

"खोलली व्हती," तो म्हणाला. "खंडेनवमीला. मायनं घरातलं सगळं लोखंड पूजेला मांडलं, ट्रॅक्टर, कोयते, माझी बंदूक. तुझी पन मांड म्हनली. तुझ्या दुर्बिनीला हळद-पानी लागू नये म्हनून मीच ती काढून ठिवली, अन् मग बसवली. कुनाला हात लावू देनार नाय असा तुला शब्द दिला व्हता, म्हनून सकाळी बोललो नाय."

रागवायला वेळ नव्हता, हे दोघांचंही नशीब. करुणाने ॲलन की काढली आणि चार स्क्रू सोडले. तोवर तिच्या सरावाची घंटा झाली. दुर्बीण उचलली, तर मागच्या बैठकीखाली, रायफलीच्या खाचेत, तांदळाचा एक दाणा होता. अक्षता. कुंकवाने लाल, अर्धी चिरडून पीठ झालेली, अर्धी अजून शाबूत.

सर पुढे वाकून त्या दाण्याकडे असे पाहत होते की जणू तो त्यांच्या हुकुमाशिवाय आत शिरला होता. करुणाने रुमालाच्या टोकाने खाच पुसली, दाणा रुमालात बांधून खिशात टाकला. रायफलीवर तिने विकत घेताक्षणी एक बारीक रेघ कोरून ठेवली होती, दुर्बीण तिथे असायची ती खूण म्हणून. रेघेला रेघ लावून तिने स्क्रू आवळले. वही उघडली आणि सकाळपासून फिरवलेला प्रत्येक क्लिक उलटा फिरवला. सरावाची सहा मिनिटं उरली होती.

पहिला छर्रा ठिपक्यात गेला, किंचित डावीकडे. तिने दोन क्लिक घेतले. दुसरा दहात. तिसरा दहात. चौथा, पाचवा, सहावा, आणि निशाण जागचं हललं नाही. करुणाला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, पण चाळीस छर्रे बाकी होते, म्हणून तिने तो सगळा आनंद गिळला आणि गाल रायफलीला लावला.

चाळिसावा छर्रा सुटला तेव्हा फळ्याशी गोकुळच उभा होता. तिचे आकडे त्यानेच लिहिले, तीनशे चौऱ्याहत्तर, आणि स्वतःच्या नावाच्या वर लिहिले. राजेंद्र सर आले. त्यांनी करुणाचा उजवा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की हा हात हलत नाही, मी चुकलो होतो. करुणाचे डोळे भरून आले. ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

एवढ्यात गोकुळचा फोन वाजला. फुलंब्रीहून पारूबाई होत्या, त्याची आई. करुणाशीच बोल, असं म्हणून त्याने फोन तिच्याकडे दिला.

"बंदुका दोन, पोरी, म्या दोन्हीवर सारख्याच अक्षता टाकल्या," पारूबाई म्हणाल्या. "मंग लंबर कुनाचा आला?"

"माझा, मावशी."

"मंग गोकुळवर कमी पडल्या म्हनायच्या."

करुणाने खिशातली रुमालाची गाठ चाचपली आणि गोकुळकडे पाहिलं.

"नाय मावशी, त्याच्यावर बरोबर पडल्या. म्हणून तर तो खरं बोलला. माझ्यावरच एक जास्ती पडली होती."