दुशिकने सांगितलेला अहवाल

हाक्रेला सात दिवसांची रजा मंजूर झाली तेव्हा बराकीतली पोरं जळफळली. सैन्यात येऊन जेमतेम सात महिने झालेल्याला रजा मिळते, म्हणजे वशिला असणार. वशिला होताच. तो कॅप्टन चूचा होता.

हाक्रे सोलमधल्या विद्यापीठात इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला होता. जनरलसाहेब राष्ट्राध्यक्ष होऊन तीन वर्षं होत आली होती. एप्रिलमधल्या निदर्शनात तो पकडला गेला, तीन दिवस मार खाल्ला, आणि चौथ्या दिवशी त्याला कोर्टात नेण्याऐवजी न्हाव्यापुढे बसवलं. संध्याकाळी तो उत्तर सीमेजवळच्या छावणीत शिपाई झालेला होता. आईला हे कळलं ते त्याचे अंगावरचे कपडे पोस्टाने घरी आले तेव्हा.

छावणीत गुप्तचर खात्याची एक खोली होती. तिथे बसणारा चू आवाज चढवत नसे, हातही उचलत नसे. ते काम करायला दुसरी माणसं होती.

“तुमचं ते शनिवारचं वाचन मंडळ अजून चालतंय,” चू म्हणाला. “कोण चालवतं आणि पत्रकांचं सायक्लोस्टाइल यंत्र कुठं आहे, एवढं बघून ये. मित्रांना भेट, खा, पी. सातव्या दिवशी दुपारी दोनला स्टेशनजवळच्या लॉजवर मला लिहून दे.”

“आणि कुणी भेटलंच नाही तर, साहेब?”

“तुझा थोरला भाऊ सरकारी शाळेत मास्तर आहे ना?” चूने विचारलं. “मुलं किती त्याला? दोन?”

हाक्रे घरी आला आणि घराबाहेर पडलाच नाही. त्याचा हिशेब सरळ होता. कुणाला भेटलो नाही तर सांगायला काही उरणार नाही. बाप बाजारात शिंप्याचं दुकान चालवायचा. हाक्रे दिवसभर तिथे बसून बटणं लावत राहिला. आई रोज म्हणायची, “अरे, मित्रांकडे तरी जाऊन ये.” तो म्हणायचा, “थंडी आहे गं.”

पाचव्या दिवशी सकाळी दुशिकच दुकानाच्या दारात उभा राहिला. नेहमीसारखा ढगळ कोट, नेहमीसारखं मोठं हसू.

“वा रे शिपाई! चार दिवस झाले येऊन, आणि आम्हाला तुझ्या टकलाचं दर्शन नाही?”

“दुशिक, तू जा. मला बरं नाही.”

“बरं नसलेला माणूस एवढी बटणं लावत नाही. काका, याला नेतो हो जरा.”

बाप खूश होऊन म्हणाला, “ने, ने. घरात बसून बुरसटलाय नुसता.”

विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत एक खाणावळ होती. खाणावळवाल्या मावशीने हाक्रेला बघून तोंडावर हात ठेवला, “किती वाळलास रे,” म्हणाली आणि न सांगताच मुगाची धिरडी तव्यावर घातली. दुशिकने तांदळाच्या दारूचा कटोरा भरला आणि अगदी सहज विचारलं, “काय काय विचारलंय त्यांनी?”

हाक्रेच्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या.

“अरे, घाबरू नकोस. असा रजेवर पाठवलेला तू तिसरा आहेस. सप्टेंबरमध्ये ग्वानमो आला होता रजेवर. आमच्यात बसला, गायला, खूप हसला. आठवड्यात आमचे दोघं उचलले गेले. आणि पुढच्या आठवड्यात ग्वानमोने छावणीत गळफास लावून घेतला. त्याच्या घरी कळवलं, अपघात झाला म्हणून.” दुशिकने धिरड्याचा तुकडा मोडला. “आता मला असं कुणी मरायला नकोय. कागद काढ. मी सांगतो ते लिही.”

“काय लिहू?”

“मंडळ दुशिक चालवतो. माझं नाव त्यांच्याकडे उन्हाळ्यापासून आहे, आज ना उद्या नेणारच आहेत. निदान तुझ्या उपयोगी पडू दे. यंत्र भीतीपोटी हान नदीत फेकून दिलं. लिही.”

“मग यंत्र खरं कुठंय?”

“विचारलंस?”

“नाही,” हाक्रे घाईने म्हणाला. “सांगू नकोस. खरंच सांगू नकोस.”

मग दुशिक सांगत गेला आणि हाक्रे लिहीत गेला. मध्येच दुशिक कागद ओढून वाचायचा. “‘दुशिक हा बोलण्यात चतुर आहे’ असं घाल ना. आणि ‘दिसायला बरा’ पण घाल, खात्याला तेवढंच वाचायला बरं वाटेल.” सात महिन्यांत हाक्रे पहिल्यांदा हसला. हसता हसता डोळे भरले, म्हणून त्याने कटोरा तोंडाला लावला.

तेवढ्यात मालसुन आत आली. ती त्यांच्या एक वर्ष मागे होती. अवघी वीस वर्षांची.

“हाक्रेदादा!” ती ओरडलीच, आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवू लागली. तिच्या नखांत काळी शाई होती. साबणाने घासूनही राहिलेली, सायक्लोस्टाइलची. हाक्रेने नजर काढून घेतली, पण जे दिसलं ते दिसलंच.

दुशिक तिच्यावर खेकसला, “तुला कुणी बोलावलं? जा इथून!” ती बिचारी गोंधळून निघून गेली. कोपऱ्यातल्या टेबलावर एक माणूस वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने पान उलटलं.

सातव्या दिवशी हाक्रेने लॉजवर अहवाल दिला. चूने तो सावकाश वाचला, घडी घालून बाजूला ठेवला.

“अक्षर तुझं आहे. भाषा दुशिकची आहे. काल दुपारी आणलं त्याला. आज पहाटे कबूल झाला, अहवाल आपणच सांगितला म्हणून. चिवट आहे पोरगा.”

“खाणावळीत तिसरं कोण आलं होतं?”

“कुणी नाही, साहेब.”

“मुलगी होती. तुझे हात धरले तिने. नाव सांग.”

“माहीत नाही, साहेब,” हाक्रे म्हणाला. चूने शेजारच्या खोलीतून दोघांना बोलावलं आणि स्वतः चहा प्यायला खाली गेला. परत आला तेव्हा चार वाजून गेले होते. हाक्रे न्हाणीच्या फरशीवर ओला, कुडकुडत पडला होता. चू उकिडवा बसला आणि फक्त भावाच्या मुलांची नावं घेतली, वयांसकट.

“मालसुन,” हाक्रे म्हणाला. “यंत्रावर ती काम करते.”

चूने ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. “तिच्यावर आठवडाभर पाळत आहे आमची,” तो म्हणाला. “ते तुझ्या तोंडून यायला हवं होतं. आता तू आमचा. पुढची रजा मार्चमध्ये.”

मार्चमध्ये तो आला, नंतरच्या हिवाळ्यातही. कुणाकुणाची नावं दिली ते त्याने आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. मालसुनला दोन वर्षांची शिक्षा झाली. दुशिकला मार खाल्लेल्या अंगानेच सक्तीने भरती केलं, आणि फेब्रुवारीत तो सीमेवरच्या एका चौकीत मेला. त्याच्या बापाला बंद पेटी मिळाली आणि उघडू नका अशी ताकीद.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या शरद ऋतूत हाक्रे सैन्यातून सुटला. महिन्याभराने मालसुन सुटणार असं कळलं. त्या सकाळी तो तुरुंगाच्या दारापाशी गेला. काय बोलायचं ते रात्रभर घोकून ठेवलं होतं. नाव मी सांगितलं. एवढंच वाक्य.

मालसुन बाहेर आली. तिच्या आईने रिवाजाप्रमाणे टोफूची पांढरी वडी तिच्या हातात ठेवली. “खा गं, आधी खा, म्हणजे पुन्हा इथं यावं लागायचं नाही.” मालसुनची नजर आईच्या खांद्यावरून हाक्रेवर पडली. ती धावतच आली. केस विरळ झाले होते, पण हात तसेच दोन्ही पुढे.

“दादा! तू आलास!” तिने त्याच्या मागे, रस्त्याच्या पलीकडे पाहिलं. “आणि दुशिकदादा? तो नाही आला? दोन वर्षांत एक चिठ्ठी नाही त्याची. आईला विचारलं की म्हणायची, बरा आहे.”

तिची आई मागे उभी राहून हाक्रेकडे बघत मान हलवत होती. नको, नको.

हाक्रेने तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य पार नाहीसं झालं.

“तो गेला, मालसुन,” तो म्हणाला. “पहिल्याच हिवाळ्यात.”

ती तिथेच फुटपाथवर बसली. वडी हातातच होती, बोटांमधून तिचं पाणी ठिबकत होतं. आई म्हणत राहिली, “खा गं बाई, एक घास तरी खा.” हाक्रे रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. मग बस आली. बापाच्या दुकानाकडे जाणारी ती नव्हती, तरी तो चढला.