खाणीतलं गवत

ज्ञानदेवाची बहुतेक जमीन आयटी पार्कात गेली, पण हिंजवडीच्या शिवेवरची दगडाची जुनी खाण त्याच्याकडेच राहिली. बारा महिने पाणी असलेला खड्डा कुणालाच नको होता. बुजवावा म्हटलं तर त्यावरून चुलतभावांशी वाद कोर्टात होता.

त्या खाणीत धुळवडीला एक मुलगा बुडाला. अभिनव नाव त्याचं, परभणीकडचा, जवळच्याच कंपनीत नोकरीला. मित्रांबरोबर रंग धुवायला आला, सूर मारला आणि पाण्याखालच्या गवतात अडकला. ज्ञानदेव काठावर होता, पण त्याला पोहता येत नव्हतं. अग्निशमनवाल्यांनी अभिनवला वर काढलं तेव्हा गवत त्याच्या गुडघ्यापर्यंत गुंडाळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील वैजनाथ खाण बघायला आले. काठावर पडलेली गवताची एक लड त्यांनी उचलली आणि बोटांनी ताणली. ती सहज तुटली.

"एवढ्यानं?" ते म्हणाले. "दादा, एवढं गवत तेवढं काढून टाका."

"काढतो," ज्ञानदेव म्हणाला.

त्यानं आधी माणसं लावून गवत उपटलं. पावसाळ्यात ते पुन्हा आलं. औषध टाकावं तर आसपासची जनावरं तेच पाणी प्यायची. शेवटी मत्स्यविभागातल्या एका साहेबानं सांगितलं, गवत्या मासा सोडा, तो दुसरं काही खात नाही. ज्ञानदेव आणि त्याची बायको वेणूबाई टेम्पोतून पिलांच्या पिशव्या घेऊन आले. पाणी पिलांच्या अंगवळणी पडावं म्हणून पिशव्या थोडा वेळ तशाच तरंगत ठेवल्या, मग तोंडं सोडली. बोटाएवढी पिलं त्या हिरव्या रानात कुठं गेली ते कळलंसुद्धा नाही.

पहिल्या वर्षी काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी मासे हातभर झाले आणि दिवाळीपर्यंत खाणीचा तळ दिसू लागला. ज्ञानदेवानं परभणीला फोन केला.

"गवत गेलं सगळं."

"बरं केलंत," वैजनाथ म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तळ दिसतो का आता?"

"दिसतो की."

पलीकडून फोन हळूच ठेवल्याचा आवाज आला.

त्या हिवाळ्यात कुणीतरी खाणीचे फोटो इंटरनेटवर टाकले. गवत होतं तेव्हा वर्षाकाठी चारदोन पोरं पाण्यात उतरायची, बाकीची ती हिरवी साय बघूनच मागं फिरायची. आता निळ्या पाण्यासाठी दर रविवारी मोटारसायकलींची रांग लागू लागली.

"उतरू नका. माणूस मेलाय हितं," ज्ञानदेव सांगायचा.

"कसा काय, काका?"

"गवतात पाय अडकला त्याचा."

"पण गवत कुठाय? पाणी तर एकदम क्लिअर आहे."

"खाली कपारी हायत," तो म्हणायचा. "चार पुरुष खोल हाय." पोरं वाईट नव्हती. ऐकून घ्यायची, थँक्यू म्हणायची आणि कपडे काढायची.

त्यानं तारेचं कुंपण घातलं, ते कुणीतरी कापलं. चौकीत गेला तर म्हणाले, पाटी लावा. पाटीवर पोरांनी टॉवेल वाळत घातले. शेवटी मासे काढले तर गवत परत येईल, या विचारानं त्यानं मुळशीहून जाळंवाले आणले. जाळी कपारींत अडकून फाटली. जे मासे कोंडले गेले, त्यांनी जाळ्यावरून उड्या मारल्या आणि ते पुन्हा खोल पाण्यात गेले.

वेणूबाई काठावर बसून बघत होती. "त्यास्नी खायला सोडलं, त्यांनी खाल्लं," ती म्हणाली. "त्यांच्यावर काय राग धरता?"

"राग न्हाई. पर आता करू काय?"

ती उठली आणि फाटलेलं जाळं गोळा करायला त्या माणसांना मदत करू लागली.

मग ज्ञानदेवानं ट्रॅक्टरची जुनी ट्यूब फुगवली, तिला दोर बांधला आणि रविवारी सकाळपासून काठावर बसायला लागला. दुसरं काही त्याच्या हातात उरलं नव्हतं.

एका रविवारी एक मोठा घोळका आला. सृष्टी नावाची मुलगी त्याच्याकडे आली आणि आपला मोबाईल त्याच्या हातात देत म्हणाली, "काका, आम्ही सगळे एकदम जंप मारणार आहोत. फक्त हे बटण दाबा हां."

नको म्हणेपर्यंत ती कड्यावर पोचलीसुद्धा होती. त्यानं मोबाईल डोळ्यांसमोर धरला. त्या इवल्या काचेत सगळी पोरं हात धरून उभी राहिली, ओरडली आणि नाहीशी झाली. त्यानं बटण दाबलं की नाही ते त्याला कळलं नाही. मोबाईल खाली घेतला तोवर पाण्यात नुसता फेस होता. आत किती जण गेले ते त्यानं मोजलं नव्हतं.

एकेक डोकं वर येऊ लागलं. "समदी आली का वर?" त्यानं विचारलं. ती एकमेकांवर पाणी उडवत होती. त्यानं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. एकानं हसून हात हलवला.

ज्ञानदेव एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात दोर धरून काठाकाठानं फिरत राहिला, हलणारी डोकी मोजत. एकदा नऊ भरली, एकदा अकरा.